काटा थांबला तेव्हा

मे 2024 मध्ये, उन्हाळी सुट्टी लागल्या लागल्या, नागपूरला माझं वजन कमी करण्याचं ऑपरेशन झालं. कुणाला सांगायचं नाही असं घरात ठरलं होतं. पण किन्हीराजासारख्या गावात अशी गोष्ट किती दिवस लपणार? शाळा उघडली आणि पहिल्याच दिवशी सातवीच्या मुलींनी विचारलं, "मॅडम, आप बीमार थे क्या?" मग मीच सांगून टाकलं. तेव्हापासून अनेक भगिनी घरी येऊन चौकशी करून जातात. कुणाच्या बहिणीचं करायचं असतं, कुणाच्या सुनेचं. त्या ऑपरेशनबद्दल विचारतात, खर्चाबद्दल विचारतात, दुखतं का ते विचारतात. पण मला सर्वांत जड गेले ते ऑपरेशननंतर सहा महिन्यांनी आलेले नऊ आठवडे. त्या दिवसांत माझं वजन एकाच आकड्यावर अडून बसलं होतं. त्याबद्दल कुणी विचारत नाही, म्हणून ते इथे लिहिते आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगते. माझी उंची पाच फूट एक इंच आणि वजन होतं 112 किलो. सात वर्षांपासून मधुमेह, रक्तदाबाची गोळी वेगळी, आणि गुडघे असे की वर्गात अर्धा तास उभं राहवेना. सर्वांत जास्त सलायची ती भिंतीला लावून ठेवलेली प्लास्टिकची खुर्ची. चार वर्षं मी नमाज त्या खुर्चीवर बसून अदा करत होते. आजारी माणसाला दीनमध्ये ही सवलत आहे, हे मला ठाऊक आहे. इशाऱ्याने केलेला सजदाही सजदाच. पण सासूबाई सत्तरीच्या, त्या जमिनीवर माथा टेकवायच्या आणि मी शेजारी खुर्चीवर. मनाला ते लागायचं.

वजनाला उंचीच्या वर्गाने भागून जो बीएमआय काढतात, तो माझा 46 च्या वर होता. आशियाई लोकांमध्ये 27.5 च्या पुढे हा आकडा गेला तर या शस्त्रक्रियेचा विचार करता येतो, असं 2022 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात म्हटलं आहे. म्हणजे मी त्या रेषेच्या फार पुढे गेले होते. माझ्या पाटल्या मोडल्या, दोन भिशी उचलल्या. व्याजाने पैसे आणायचे नाहीत, हे यांनी आधीच सांगितलं होतं. शेलूबाजारजवळ समृद्धी महामार्गावर चढलो आणि नागपूरला जाऊन भरती झाले.

माझ्या ऑपरेशनचं नाव स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी. यात जठराचा सुमारे पाऊण भाग, कधी त्याहून थोडा जास्त, काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची अरुंद नळी शिल्लक ठेवतात. दोन घासांत पोट भरतं. शिवाय भूक लागल्याचा निरोप मेंदूला देणारा घ्रेलिन नावाचा स्राव बराचसा याच काढलेल्या भागात तयार होतो, त्यामुळे भूकही मंदावते. पहिल्या महिन्यात माझं 10 किलो वजन उतरलं. मधुमेहाच्या दोन गोळ्यांपैकी एक डॉक्टरांनी बंद केली. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत मी 86 किलोवर आले होते. जुने कुर्ते आवळून घेऊन घेऊन शिंपी कंटाळला होता.

आणि तिथेच काटा थांबला. नोव्हेंबरचा पहिला आठवडा 86, दुसरा 86, तिसरा 86. फजरनंतर एकदा, शाळेतून आल्यावर एकदा, रात्री झोपताना एकदा, असं दिवसातून तीनदा मी काट्यावर उभी राहू लागले. कधी 86.2, कधी 85.9. काटा सरकवून दुसऱ्या फरशीवर ठेवून पाहिला. सेल बदलून पाहिले.

लोकांची तोंडं कोण धरणार? एक नातेवाईक खाला घरी आल्या, मला वरून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "इतना पैसा लगाया, बस इतनाच कम हुआ?" दुसऱ्या एकीने इजिप्तच्या इमान अहमदची आठवण काढली. फेब्रुवारी 2017 मध्ये इमानला विमानाने मुंबईत आणलं होतं. तिचं वजन सुमारे 500 किलो असल्याचं सांगितलं जात होतं. मार्चमध्ये सैफी हॉस्पिटलमध्ये डॉ. मुफज्जल लकडावाला यांनी तिचं हेच स्लीव्हचं ऑपरेशन केलं. रोज टीव्हीवर तिचे किलो मोजले जात होते. मे महिन्यात ती अबुधाबीला गेली आणि सप्टेंबरमध्ये वारली. अल्लाह तिची मगफिरत करो. तिला अर्धांगवायू होऊन गेला होता, हृदयाचा आणि मूत्रपिंडाचा त्रास होता, हे मी त्या बाईंना समजावून सांगितलं. पण त्या गेल्यावर मी स्वतःच घाबरून बसले.

मग मी तेच केलं जे बहुतेक बायका करतात. खाणं आणखी कमी केलं. सकाळी फक्त चहा, दुपारी दोन चमचे वरण, रात्री पातळ सूप. आठ दिवसांत केस मूठमूठ गळू लागले. एकदा आठवीच्या वर्गात फळ्यावर लिहिताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि खडू हातातून पडला. मुलींनी धरून बसवलं. घरी येऊन काट्यावर उभी राहिले, 86.

त्याच रात्री जेवायला बसलो तर माझ्या मुलीने ताट पुढे सरकवलं. ती नववीत आहे. अंगाने भरलेली, माझ्यावर गेलेली. म्हणाली, भूक नाही. नंतर बिछान्यात रडताना सापडली. खूप विचारल्यावर बोलली, "अम्मी, ऑपरेशन करके भी तुम्हारा कम नहीं होता, तो मेरा क्या होगा?" तिने तीन दिवस शाळेतला डबा मैत्रिणींना वाटून टाकला होता. मी दिवसातून तीनदा काट्यावर चढते, उतरताना माझा चेहरा कसा होतो, हे ती रोज पाहत होती. माझ्या अंगावरचं वजन उतरो न उतरो, माझी भीती मात्र तिच्या अंगावर चढली होती.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही नागपूरला तपासणीला गेलो. तिथल्या आहारतज्ज्ञ ताईंसमोर मी अपराध्यासारखी बसले. त्यांनी विचारलं, "निवडणुकीच्या ड्यूटीवर होता का?" 20 नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान होतं. आदल्या दिवशी साहित्य घेऊन केंद्रावर मुक्काम, दुसऱ्या दिवशी पहाटेपासून रात्रीपर्यंत काम. मी म्हटलं, "हो, पण दोन दिवस काही खाल्लंच नाही. फक्त चहा."

"किती कप?"

मी मोजू लागले. बारा झाले. बारा कप आणि दोन बिस्किटांचे पुडे.

ताई रागावल्या नाहीत. त्यांनी एक साधी गोष्ट सांगितली. आठ दिवस तोंडात जाणारी प्रत्येक वस्तू वहीत लिहायची. चांगलं-वाईट ठरवायचं नाही, लपवायचं नाही, फक्त लिहायचं. आणि रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या, थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-12, ड जीवनसत्त्व. वजन अडण्यामागे कधी थायरॉइड असतो, कधी एखादं औषध असतं. ते पाहिल्याशिवाय स्वतःला दोष द्यायचा नाही, असं त्यांनी बजावलं.

मग त्यांनी वजन का थांबतं ते समजावलं. ते मी माझ्या शब्दांत सांगते. सुरुवातीला भराभर उतरतं त्यात पाण्याचा वाटा मोठा असतो. शरीर स्नायूंत आणि यकृतात साखरेचा साठा ठेवतं आणि त्यातल्या प्रत्येक ग्रॅमबरोबर जवळपास तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. साठा संपला की ते पाणीही जातं. ही घट कायम चालणारी नसते. दुसरं, 112 किलोचं शरीर चालवायला जेवढं इंधन लागतं, तेवढं 86 किलोच्या शरीराला लागत नाही. आणि तिसरं सर्वांत महत्त्वाचं. खाणं फार कमी झालं आणि त्यात प्रथिनं नसली, तर चरबीबरोबर शरीर स्नायूही मोडून खातं. स्नायू तर बसल्या जागीही ऊर्जा खर्च करतात. ते घटले की खर्च घटतो, आणि कमी खाऊनही वजन हलत नाही.

घरी येऊन मी याबद्दल वाचलं. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, 1944-45 मध्ये, अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज या शास्त्रज्ञाने 36 निरोगी तरुणांना सहा महिने जवळपास निम्म्या आहारावर ठेवलं होतं. त्यांचं वजन सुमारे पाव हिस्सा उतरलं, पण त्याचबरोबर नाडी मंद झाली, अंग थंड पडू लागलं, सतत खाण्याचेच विचार येऊ लागले. शरीराने कमी खाण्याशी जुळवून घेतलं होतं. म्हणजे मी सूप पिऊन जे करत होते, ते शरीराला आणखी घाबरवणंच होतं. दुष्काळ आला असं समजून त्याने कोठाराला कुलूप लावलं. हे वाचल्यावर मला पहिल्यांदा माझ्या शरीराचा राग आला नाही.

आता वहीबद्दल. दीनमध्ये मुहासबा, म्हणजे स्वतःचा हिशेब स्वतः घेणं, याला मोठं महत्त्व आहे. मी तो आजवर नमाज-रोज्यांचाच समजत होते. आठ दिवसांच्या वहीने मला माझ्याच ताटाचा हिशेब दाखवला.

चहा दिवसाला सहा कप. प्रत्येकात दोन चमचे साखर. म्हणजे दिवसाला जवळपास 60 ग्रॅम साखर, 240 कॅलरी, दूध वेगळं. तीन कप शिक्षकांच्या खोलीत, एक घरी आणि दोन येणाऱ्या-जाणाऱ्यांबरोबर. पाहुणा एकटा चहा पिणार का? चहाबरोबर बिस्किट.

शाळेतली खिचडी. पोषण आहार मुलांना वाढण्याआधी शिक्षकाने चव घेऊन रजिस्टरमध्ये नोंद करायची असते. ते काम माझ्याकडे होतं. एक चमचा चव कधी छोटी वाटी झाली ते मलाच कळलं नव्हतं. शिवाय मुलीच्या ताटातला उरलेला पोळीचा तुकडा, टाकवत नाही म्हणून खाल्लेला.

या सगळ्याला मी जेवण समजतच नव्हते. इथे ऑपरेशनचा एक गुपित भाग आहे, तो प्रत्येक भगिनीने ध्यानात ठेवावा. अंडं, चिकन, डाळ-उसळ यांनी ती अरुंद नळी लगेच भरते आणि बराच वेळ भरलेली राहते. पण चहात बुडवलेलं बिस्किट, सरबत, आइस्क्रीम, मऊ खिचडी घसरून खाली निघून जाते. पोट भरल्याची जाणीवच होत नाही. जठर लहान झालं तरी दिवसभर थोडंथोडं असं कितीही आत जाऊ शकतं. जेवतानाच पाणी प्यायलं तरी असंच होतं, अन्न लवकर पुढे सरकतं. म्हणून जेवणानंतर अर्धा तास थांबून पाणी, आणि दिवसभरात दीड ते दोन लिटर, असा नियम आहे.

शेवटी ताईंनी फोनवर प्रथिनांची बेरीज केली. माझी रोजची 34 ग्रॅम निघाली. लागतात 60 ते 80. तपासण्यांत थायरॉइड ठीक होता, बी-12 आणि हिमोग्लोबिन कमी होतं. ऑपरेशननंतरच्या जीवनसत्त्वांच्या गोळ्या मी महिनाभर विसरले होते.

मग सुरुवात केली. सकाळी दोन अंडी, त्यांतून 12 ग्रॅम. दुपारी डब्यात वाटीभर घट्ट वरण किंवा मटकीची उसळ आणि दही. रात्री दोन-तीन तुकडे चिकन, किंवा सोयाबीन वडी. आपल्या वाशिम जिल्ह्यात जिकडे पाहावं तिकडे सोयाबीन. आम्ही पोतीच्या पोती बाजारात नेतो, पण घरात वडी कधी शिजत नव्हती. 30 ग्रॅम कोरड्या वडीत जवळपास 15 ग्रॅम प्रथिनं असतात. आले-लसूण आणि थोडा गरम मसाला घालून कीम्यासारखी केली तर मुलीलाही आवडली. खाण्याचा क्रमही बदलला. आधी प्रथिनं, मग भाजी, जागा उरली तर अर्धी पोळी. चहा दोन कपांवर आणला, बिनसाखरेचा. चव रजिस्टरचं काम एका सरांनी आनंदाने घेतलं.

व्यायाम म्हणजे चालणं, एवढंच मला माहीत होतं. हायवेवर ट्रकांच्या गर्दीत चालायची सोय नाही, म्हणून असरनंतर शाळेच्या मैदानावर चकरा मारू लागले. मुलगी बरोबर येऊ लागली. ताईंनी त्यात स्नायूंचा व्यायाम घालायला सांगितला. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठायचं-बसायचं, भिंतीला हात टेकून ढकलायचं, लिटरभर पाण्याच्या दोन बाटल्या हातात घेऊन वर-खाली करायच्या. आठवड्यातून तीन दिवस. नमाजची ती खुर्ची अशी व्यायामाला लागली.

आणि काटा? तो मी पलंगाखाली ठेवून दिला. फक्त जुम्याच्या सकाळी काढायचा, एकदाच. मुलीचं वजन करायचं नाही, आणि तिच्यासमोर आकड्याबद्दल बोलायचं नाही, हे घरात सर्वांना सांगितलं. सासूबाईंनाही.

डिसेंबरच्या तिसऱ्या जुम्याला काटा पुन्हा 86 दाखवत होता. मला वाईट वाटलंच, खोटं का बोलू. पण त्याच दिवशी जोहरच्या वेळी घरात पाहुण्या होत्या आणि खुर्ची अंगणात गेली होती. मी सासूबाईंच्या शेजारी मुसल्ला अंथरला आणि उभी राहिले. रुकू झाली. सजद्याला हात गुडघ्यांवर ठेवून हळूहळू खाली गेले. गुडघे कुरकुरले, पण वाकले. माथा जमिनीला टेकला. चार वर्षांनी. मला पुढची तस्बीह आठवेना, इतकं रडू येत होतं. सलाम फेरल्यावर सासूबाईंनी माझा हात हातात घेतला, बोलल्या काहीच नाहीत.

त्या दिवशी मला उमगलं की मी नऊ आठवडे चुकीच्या साक्षीदाराला विचारत बसले होते. काट्याला किलो कळतात. गुडघे वाकतात, साखर ताब्यात आहे, कंबर दोन बोटं उतरली आहे, जिना चढताना धाप लागत नाही, यातलं त्याला काहीच कळत नाही. जानेवारीच्या दुसऱ्या जुम्याला काटा 85 वर आला, महिनाअखेर 84 च्या खाली. अल्हम्दुलिल्लाह.

2 मार्च 2025 ला रमजान सुरू झाला तेव्हा मला दहावा महिना होता. पहिल्या वर्षी रोजे नकोत, पाणी आणि प्रथिनं दोन्ही कमी पडतील, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. पुन्हा कुजबुज झाली. आजारी माणसाने ते दिवस पुढे भरून काढावेत, हे तर कुरआनने स्वतः सांगितलं आहे. मी सर्वांसाठी इफ्तार मांडायचे, भजी आणि सरबताला हात लावायचे नाही. या थंडीत, दीड वर्ष पूर्ण झाल्यावर डॉक्टरांची परवानगी घेऊन, लहान दिवसांत आठवड्यातून एक असे कजा रोजे सुरू केले आहेत.

आज माझं वजन 78 आहे. चार महिन्यांपासून 78. म्हणजे काटा पुन्हा थांबला आहे, आणि या वेळी मी घाबरलेले नाही. स्वीडनमध्ये 1987 पासून अशा हजारो रुग्णांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा झाला. माझ्या प्रकारचं ऑपरेशन त्यात नव्हतं, पण सर्वांचं चित्र सारखंच होतं. वजन एक-दोन वर्षांत सर्वांत खाली येतं, थांबतं, पुढे थोडं वरही जातं. बायपास केलेल्यांचं दहा वर्षांनीही मूळ वजनापेक्षा सुमारे 25 टक्के कमी राहिलं होतं. आपल्या विदर्भाचे नितीन गडकरी यांचं ऑपरेशन 2011 मध्ये मुंबईत झालं. आधी आपलं वजन 135 किलो होतं, आता 93 आहे, असं त्यांनी 2022 मध्ये उज्जैनच्या जाहीर सभेत सांगितलं. अकरा वर्षांनी आकडा खालीच राहिला, याला यश म्हणतात. म्हणजे वजन कधीतरी थांबणारच, थांबायलाच हवं. थांबल्यावर आपण सूप पिऊन स्वतःला शिक्षा करतो की वही उघडतो, एवढंच आपल्या हातात असतं.

पोटाचा एक भाग अन्नाला, एक पाण्याला आणि एक श्वासाला ठेवावा, अशी प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आहे. लहानपणी मदरशात मी ती पाठ केली होती. आचरणात आणायला मला ऑपरेशन करावं लागलं. ज्या भगिनींचं वजन अडलं असेल, त्यांनी आधी तपासण्या कराव्यात, आठ दिवस खरं लिहावं, प्रथिनं मोजावीत, गोळ्या चुकवू नयेत, आणि घरात वाढत्या वयाची मुलगी असेल तर काटा तिच्या नजरेआड ठेवावा.

माझी मुलगी आता डबा रिकामा करून घरी आणते. संध्याकाळी मैदानावर माझ्यापुढे चार पावलं असते. अल्लाह तआला सर्व आजारी भगिनींना शिफा देवो, आणि आपल्या मुलींना आपल्या भीतीपासून सुरक्षित ठेवो. आमीन.